पूरग्रस्तांसाठी तंबोला

तंबोल्याचे आकडे पुकारायला मला फार आवडतं, हे आधीच कबूल करून टाकते. इथे आखातात, अल कुसैसमधली आमची बिल्डिंग आणि आजूबाजूच्या चार बिल्डिंगा मिळून तीसपस्तीस मराठी कुटुंबं आहेत. हळदीकुंकू असो, कुणाचं बारसं असो की दिवाळीचा फराळ, जेवणं उरकली की आकड्यांची पिशवी माझ्या हातात येते. "सासूबाईंचं वय, एकोणऐंशी!" "लग्नाआधीची कंबर, सव्वीस!" असं ओरडत मी इथे अठरा वर्षं काढली. नवरा म्हणतो, ऑफिसात तुझं कुणी ऐकत नाही, त्याची वसुली तू आमच्याकडून करतेस. त्यात तथ्य आहे.

ऑफिस हमरिया फ्री झोनमध्ये. आमची कंपनी ताडपत्र्या, तंबूचं कापड आणि पाण्याचे घडीचे कॅन बनवते आणि मी ते परदेशी पाठवण्याचे कागद करते. कुठे जमीन हादरली, कुठे नदी फुटली, कुठे लढाई पेटली, की चार दिवसांत मदतसंस्थांच्या ऑर्डरी येऊन पडतात. बातम्या बघताना घरातली माणसं हळहळतात आणि मी मनात म्हणते, उद्यापासून उशिरा घरी. हे बोलून दाखवायची सोय नाही, पण खरं आहे.

अशाच एका ऑर्डरीच्या कागदांत, पैसे कुठून येणार त्या ओळीत, युरोपातल्या एका लॉटरीचं नाव होतं. मला वाटलं कुणीतरी भलताच कागद जोडलाय. मी तो आमच्या इजिप्शियन मॅनेजरकडे घेऊन गेले. तो हसला. त्याने मला समजावलं, की तिकडे अशा लॉटऱ्या असतात. लोक दर महिन्याला तिकीट घेतात. त्यातला काही हिस्सा बक्षिसांना, काही चालवणाऱ्यांना, आणि ठरलेला हिस्सा विहिरींना, शाळांना, आपल्या तंबूंना. "हबीबी," तो म्हणाला, "फुकट कोणी देत नाही. चान्स दिला तर सगळे देतात." हे तो इंग्रजीत म्हणाला, पण मला ते अगदी आपल्या माणसाने मराठीत सांगितल्यासारखं पटलं.

त्यानंतर मॉलमध्ये तसलाच एक ड्रॉ दिसला. परवाना असलेला, काउंटरवर गणवेशातली मुलगी, मागे फलकावर हातात पाण्याचे पेले धरून हसणाऱ्या मुलांचा फोटो. ऑफिसातल्या आम्ही सहाजणी दर महिन्याला मिळून एक तिकीट घ्यायला लागलो. पाच वर्षांत एकदा चाकांची बॅग लागली, तीही हिरवी. पण बक्षीस लागो न लागो, तिकिटाचे पैसे वाया गेले असं कधी वाटलं नाही. चारशे तंबूंची पॅकिंग लिस्ट टाइप करताना वाटायचं, यातल्या एखाद्या तंबूची एखादी दोरी आपली असेल. पुण्य आणि हाव एकाच तिकिटात बसतात याची मला कधी लाज वाटली नाही. उलट ही युक्ती ज्याने काढली त्याच्या डोक्याचं कौतुकच वाटायचं.

आता चाचांबद्दल सांगते. इथे बिल्डिंगच्या वॉचमनला नातूर म्हणतात. आमचे नातूर पाकिस्तानातल्या डोंगराळ मुलखातले, साठीला टेकलेले, आम्ही राहायला आलो त्याच्या आधीपासून बिल्डिंगमध्ये. सगळे त्यांना चाचा म्हणत. पार्किंगच्या कोपऱ्यात त्यांची एक खोली होती, त्यात एक खाट आणि एक खणांचं टेबल. बिल्डिंगचं निम्मं आयुष्य त्या खणांत असायचं. कुणाची किल्ली, कुणाचं पार्सल, कुणाचा डबा, कुणाचा गॅसवाल्याला द्यायचा पैसा. "गेटवर ठेव" म्हटलं की काम झालं. आमच्या सोसायटीचा हा इतका मुरलेला रिवाज होता, की चाचा काय ठेवून घेतायत हे आम्ही त्यांना सांगायचोही नाही आणि ते विचारायचेही नाहीत. पाकिटावर फ्लॅटचा नंबर असला की पुरे.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये एका सकाळी ऑफिसला निघताना पाहिलं, तर चाचा गाडी पुसायचा ओला फडका हातात धरून नुसते उभे होते. मी विचारलं, "चाचा, तबियत ठीक है?" त्यांनी फोन पुढे केला. त्यावर एक व्हिडिओ होता. दोन डोंगरांच्या मधून तपकिरी पाणी धावत होतं आणि त्यात अख्खी झाडं मुळांसकट उलटीपालटी होत होती. चाचांनी पडद्यावर एका जागी बोट ठेवलं. "इधर हमारा घर था." तिथे फक्त पाणी होतं. माणसं वाचली होती. बायको, विधवा सून आणि दोन नाती वरच्या उतारावर कुणाच्या तरी गोठ्यात राहत होत्या. "दो महीने में बर्फ गिरेगा," चाचा म्हणाले. तेवढंच म्हणाले, आणि गाडी पुसायला लागले.

त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नाही. हे पुन्हा सांगते, कारण पुढे जे झालं त्यात सगळ्यांत महत्त्वाचं तेच आहे.

दिवसभर ऑफिसात मला ते बोट दिसत होतं. ताडपत्र्या माझ्याच कंपनीत थप्प्या लावून पडलेल्या, आणि चाचांच्या डोक्यावर छप्पर नाही. पण आमचा माल संस्थांना जातो, माणसांना नाही. संध्याकाळी घरी पोचेपर्यंत माझं ठरलं होतं. आमच्याकडे सात दिवसांचा गणपती असतो. मधल्या रविवारी दुपारी पाच बिल्डिंगांतल्या मराठी मंडळींचा महाप्रसाद असतो आणि त्यानंतर तंबोला. यंदाचा तंबोला पूरग्रस्तांसाठी करायचा. तिकीट दहा दिरहम, म्हणजे सव्वादोनशेच्या वर रुपये. जेवढं जमेल तेवढं चाचांना.

मराठी मंडळींच्या ग्रुपवर टाकल्याबरोबर एका काकांचा मेसेज आला, "मदतच करायची तर आपल्याकडे पूर येत नाहीत का?" काका ट्रेडिंगमधले, शारजात दोन दुकानं. मी लिहिलं, "येतात. पण आपल्याकडच्या पुराने गेल्या महिन्यात तुमच्या गाडीचं पंक्चर काढून दिलं नव्हतं. चाचांनी दिलं होतं."  त्यावर त्यांच्याच बायकोने, काकूंनी, खाली लिहिलं, पहिलं बक्षीस एअर फ्रायर आमच्याकडून. दुकानातला नवाकोरा. त्यानंतर पाहा तिकिटं कशी उचलली ती. ज्यांना पूर कुठल्या बाजूचा हा प्रश्न पडला होता, त्यांनीही तीन-तीन तिकिटं घेतली. माझ्या मॅनेजरचं म्हणणं पुन्हा खरं ठरलं आणि मला ते मनापासून आवडलं.

मग पोस्टर. मुलगी बारावीला होती. तिने फोनवर दहा मिनिटांत करून दिलं. मी म्हटलं, "चाचांचा फोटो टाक. नुसतं पूरग्रस्त म्हटलं तर कुणाला काही वाटत नाही, चेहरा पाहिजे." मॉलमधला फलक माझ्या डोळ्यांसमोर होता. तिने मान वर करून विचारलं, "डिड यू आस्क हिम?"

"विचारायचं काय त्यात? त्यांच्यासाठीच तर करतोय. त्यांना सरप्राइज देऊ."

"आई, इट्स हिज फेस."

"तू कर गं, मला शिकवू नकोस."

फोटो माझ्याच फोनमध्ये होता. मागच्या वर्षी आमचं मखर वर नेताना ते लिफ्टचं दार धरून उभे होते तेव्हाचा. गणवेश घातलेला, छातीवर मेंटेनन्स कंपनीचा बिल्ला. पोस्टरवर इंग्रजीत लिहिलं, चाचांचं घर पुरात वाहून गेलं, लकी ड्रॉ, तिकीट दहा दिरहम. आणि खाली, पैसे पाकिटात घालून गेटवर ठेवावेत. माझं नाव टाकायचं मला सुचलंच नाही. आमच्या ग्रुपवर सगळ्यांना माहीतच होतं कोण करतंय ते.

पोस्टर ग्रुपबाहेर गेलं. एकाने ऑफिसात टाकलं, एकीने मुलांच्या शाळेच्या आयांमध्ये टाकलं, ग्रुपवरच्यांकडून माझा नंबर घेऊन शारजातून फोन आले, अनोळखी नंबरांवरून "कितने टिकट बाकी हैं?" असं विचारणं सुरू झालं. मी हरखून गेले होते. जिथे जिथे ते पोस्टर गेलं तिथे माझं नाव नव्हतं, फक्त चाचांचा चेहरा आणि आमच्या बिल्डिंगचं गेट होतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी विसर्जनाच्या दिवशी करायचं भाषण जुळवत होते. सगळी पाकिटं तेव्हा एकदम गोळा करायची, नारळ आणि शाल घेऊन खाली जायचं, चाचांच्या हातात द्यायची आणि एक फोटो काढायचा. मनात मी त्यांच्या डोळ्यांत पाणीही आणून ठेवलं होतं.

रविवारचा तंबोला झकास झाला. आमच्या हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. एअर फ्रायर चौथ्या मजल्यावरच्या एका बाईंना लागला, त्यांच्याकडे आधीच एक होता. चाचा मोदक घ्यायला दारापर्यंत वर आले, बाहेरूनच गणपतीला हात जोडल्यासारखं करून म्हणाले, "बहुत रौनक है मॅडम." मी पोरीकडे बघून डोळा मारला. तिने तोंड फिरवलं.

सोमवारी अकराच्या सुमाराला मला ऑफिसात फोन आला. आमच्या बिल्डिंगखालच्या किराणा दुकानातला माणूस होता. "मॅडम, चाचा को कंपनी वाले ले गए."

त्याने दुकानातून पाहिलं ते सांगितलं. मेंटेनन्स कंपनीचा सुपरवायझर आला होता. त्याच्या फोनवर ते पोस्टर होतं, कुणीतरी कुणाला, त्याने अजून कुणाला असं करत मालकाच्या ऑफिसात पोचलेलं. त्याने चाचांना खण उघडायला लावला. आत साठसत्तर पाकिटं, फ्लॅटचे आणि बिल्डिंगांचे नंबर घातलेली. "ये क्या है?" चाचा म्हणाले, "गणपती का पैसा है साहब. हर साल रखते हैं." सुपरवायझरने फोन त्यांच्यासमोर धरला. दुकानदार म्हणाला, चाचा ते पोस्टर खूप वेळ बघत होते. इंग्रजी त्यांना वाचता येत नाही. पण स्वतःचा फोटो तर ओळखता येतो.

 आमच्याकडे महाप्रसादाची वर्गणीही दरवर्षी अशीच पाकिटांत घालून गेटवर ठेवतात. चाचांना वाटलं, तीच. माझ्या सरप्राइजपायी मी त्यांना एक शब्द बोलले नव्हते. ते खरं बोलले होते आणि माझ्या पोस्टरने त्यांना खोटं पाडलं होतं.

संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो कॉन्ट्रॅक्टिंगमध्ये आहे, इथल्या कायद्यांची त्याला माझ्यापेक्षा जास्त भीती आहे, आणि ती योग्य आहे.  तो म्हणाला, "तुला माहितीये ना, परवान्याशिवाय देणग्या गोळा करणं गुन्हा आहे इथे? आणि सोडत काढणं वेगळा गुन्हा. तू दोन्ही केलंस. तेही पोस्टर काढून."

"तंबोला आहे रे तो. आपण कायम खेळतो."

"कायम खेळतो, पैसे गोळा करत नाही. आणि करतो तर पोस्टर लावत नाही." तो येरझारा घालत होता. "तुझी नोकरी, माझी नोकरी, हिची बोर्डाची परीक्षा. तू आता एक अक्षर बोलायचं नाहीस. खलास."

मुलगी दारात उभी होती. "शी हॅज टू टेल देम, बाबा. ही डिडन्ट डू एनीथिंग."

"तू अभ्यासाला बस," तो म्हणाला. मीही तेच म्हटलं असतं, त्याने आधी म्हटलं एवढंच.

मी ठरवलं, उद्या विसर्जन आहे, घरात गणपती असताना हे नको. बाप्पा गेले की बुधवारी सकाळी जाऊन सांगते. हा विचार मला तेव्हा मोठा समजूतदार वाटला होता. मंगळवारी विसर्जनाची आरती मी म्हटली, कुठलं कडवं कितीदा म्हटलं ते आठवत नाही. लिफ्टचं दार धरायला कुणी नव्हतं. ग्रुपवर कुणी विचारलं, चाचा कुठे गेले? कुणीच उत्तर दिलं नाही. ज्यांना कळलं होतं त्यांनी आपापले मेसेज पुसून टाकले होते. कुणी बोललं नसताना सगळ्यांनी तंबोल्याचे फोटोही काढून टाकले होते. आमची माणसं अशी इतर वेळी एकदिलाने वागत नाहीत.

बुधवारी मी रजा टाकून मेंटेनन्स कंपनीच्या ऑफिसात गेले. सुपरवायझर चांगला माणूस निघाला, हीच माझी पंचाईत झाली. वाईट असता तर त्याच्यावर खापर फोडता आलं असतं. मी बसल्याबरोबर सांगून टाकलं, की पोस्टर माझं, कल्पना माझी, चाचांना काही माहीत नव्हतं. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं. मग फाइल उघडून एक कागद दाखवला. उर्दूत चार ओळी, खाली अंगठ्याजवळ सही. "उसने लिख के दिया है. पैसा मैंने जमा किया, अपने घर के लिए. और किसी का नाम नहीं."

"पण हे खोटं आहे."

"मुझे पता है मॅडम." त्याने फाइल मिटली. "सुनिए. आप बोलोगे तो मुझे ऊपर बोलना पड़ेगा. ऊपर से केस. आपका, आपके हजबंड का, जिस जिस ने पैसा दिया उसका भी पूछेंगे. अभी कंपनी के अंदर का मामला है. उसका वीज़ा कैन्सल होगा, वो घर जाएगा, बस. केस नहीं होगा. आपको लिख के देना है तो पेन ये रहा."

पेन टेबलावर होतं. निळं, टोपण नसलेलं. मी त्याच्याकडे किती वेळ पाहत होते ते मला सांगता येणार नाही. मुलीची परीक्षा आठवली, नवऱ्याचा चेहरा आठवला, घराचं भाडं आठवलं. लोकांना वाटेल यात कसला विचार करायचा. मलाही वाटायचं, दुसऱ्याची गोष्ट ऐकताना.

मी लिहून दिलं नाही.

पाकिटं कंपनीने मला परत दिली, ज्याची त्याला पोचवा म्हणून. दोन दिवस मी दारोदार फिरले. काहींनी पाकीट घेतलं आणि दार लावलं. काहींनी, "राहू दे, कुठल्या तरी चांगल्या कामाला दे," असं म्हटलं. पलीकडच्या बिल्डिंगमधल्या एका बाईंनी विचारलं, "मग तो ड्रॉ परत होणार का? आमचं तिकीट तसंच आहे." एअर फ्रायर जिंकलेल्या बाईंनी तो काकूंना परत केला नाही आणि काकूंनी मागितला नाही. ज्यांनी परत घेतले नाहीत त्यांचे पैसे मी मॉलमधल्या त्या परवाना असलेल्या ड्रॉच्या काउंटरवर नेऊन दिले. काउंटरवरच्या मुलीने हसून पावती दिली, वर दोन तिकिटं दिली. ते पैसे कुठेतरी नक्की पोचले असतील, कुणाची तरी तहान भागली असेल. त्याबद्दल मला शंका नाही, तिथले कागद मी रोज पाहते. फक्त चाचांच्या गावाला ते गेले नाहीत. मागच्या फलकावरची ती पेलेवाली मुलं तशीच हसत होती. पहिल्यांदाच मनात आलं, यांना कुणी विचारलं असेल का? असेलही. त्या लोकांना नियम असतात, माणसं असतात, सह्या घेत असतील. तिकिटं मी तिथेच फाडून टाकली. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "दोन तिकिटं फुकट घालवलीस." मग स्वतःच ओशाळला.

खरं सांगायचं तर कायद्यावर मी तेव्हा भयंकर चिडले होते. मोठे लोक करतात ते सत्कार्य आणि आम्ही केलं की गुन्हा, असं घरात मोठमोठ्याने बोलत होते. हळूहळू आवाज खाली आला. कुणाच्या नावाने, कुणाच्या चेहऱ्यावर, कुणी पैसे जमवले आणि कुठे ठेवले हे विचारायला कुणीतरी असावं म्हणून तो नियम आहे. माझ्या बाबतीत एका सतरा वर्षांच्या मुलीने ते विचारलं होतं आणि मी तिला गप्प केलं होतं.

चाचांचं विमान शनिवारी होतं. तोवर कंपनीने त्यांना मुहैस्नाहच्या त्यांच्या कामगार वस्तीत ठेवलं होतं. सोनापूर म्हणतात त्या भागाला. अल कुसैसहून गाडीने दहा मिनिटं, आणि अठरा वर्षांत मी तिथे एकदाही गेले नव्हते. शुक्रवारी दुपारी गेले, नमाज सुटल्यावर. माझ्या स्वतःच्या पगारातले पैसे एका पाकिटात घातले होते. नवऱ्याला सांगितलं नव्हतं. मागाहून कळलं, त्याला माहीत होतं.

गेटवर निरोप दिला आणि चाचा बाहेर आले. गणवेशाशिवाय मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. सलवार-कमीजमध्ये ते उंच वाटत होते. भिंतीच्या सावलीत एक बाकडं होतं, त्यावर त्यांनी रुमाल अंथरून मला बसवलं आणि स्वतः उभे राहिले. आजूबाजूला बादल्या घेऊन माणसं जात-येत होती, कपडे वाळत होते.

माफी मागायची मी तयारी करून गेले होते, पण तोंडून पहिला प्रश्न हाच निघाला. "चाचा, आपने मेरा नाम क्यूँ नहीं लिया? आपको तो समझ में आ गया था ना?"

"पोस्टर देखके समझ गया था. वो लिफ्ट वाली फोटो आपने ही निकाली थी."

"फिर?"

 "मॅडम, आपके घर में आपका गणपती बैठा था. मेहमान घर में हो, उस घर में मैं पुलिस भेजता?" त्यांना यात काही विशेष वाटत नव्हतं. मखर वर न्यायला लिफ्टचं दार धरतात, तेवढंच हे होतं त्यांच्या लेखी. मीही त्याच कारणाने दोन दिवस गप्प बसले होते. घरात बाप्पा आहेत म्हणून त्यांनी मला वाचवलं आणि घरात बाप्पा आहेत म्हणून मी त्यांना अडकू दिलं. मी रडायला लागले. बादल्यावाले वळून बघायला लागले, तसे चाचा अस्वस्थ झाले.

"रोइए मत. अच्छा ही हुआ. बर्फ से पहले छत डालने के लिए घर में एक मर्द तो पहुँचेगा." हे ते माझ्यासाठी म्हणत होते. परत येणं आता होणार नव्हतं, या वयात नवा व्हिसा कोण देणार? छप्पर घालायला हात पोचणार होते, पण पत्रे कशाने घेणार हे दोघांनाही माहीत नव्हतं.

मी पर्समधून पाकीट काढलं आणि पुढे केलं. त्यांनी हात पुढे केला नाही. पाकिटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आवाज चढवला नाही, टोमणाही मारला नाही. किल्ली कुठल्या फ्लॅटची असं विचारावं तसं विचारलं.

"इस पे मेरी फोटो है?"

"नहीं चाचा."

"किसी को बताया है?"

"नहीं."

त्यांनी पाकीट घेतलं, दोन्ही बाजूंनी उलटसुलट करून पाहिलं, उघडून आत बघितलं, नोटांच्या मागेही बघितलं. कागद नाही, फोटो नाही, अशी खात्री झाल्यावरच त्यांनी ते कमीजच्या आतल्या खिशात ठेवलं.